न मेलेल्या जनावराचा हिशेब

आमच्या देव्हाऱ्यात उदबत्ती खोचायला पितळेची एक नळी आहे. सव्वातीन इंच लांब, तळाशी जाड, तोंडाकडे थोडी निमुळती, खाली नाण्यासारखा काठ. दर दिवाळीला आई ती चिंचेने घासायची आणि तळावरची इंग्रजी अक्षरे लखलखीत व्हायची: कायनॉक, .४७०. अक्षरांच्या मधोमध एक खोल खळगा आहे. लहानपणी मला वाटायचे की देवाच्या भांड्याला असा खळगा असतोच. ती कायनॉक कारखान्याच्या बंदुकीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी आहे, तो खळगा रायफलच्या टोचणीने पाडलेला आहे आणि माझ्या आजोबांनी ती दाजीपूरच्या रानातून उचलून आणली आहे, हे मला सातवी-आठवीत कळले. आजोबा कोल्हापूर संस्थानच्या काळात हाक्याला जात. रान उठवायचे, आरडाओरड करायची, डबे वाजवायचे आणि जनावर मचाणाकडे रेटायचे, हे त्यांचे काम. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. पण बंदुकीतून निघालेल्या गोळीचे पुढे काय होते, हे बंदूक धरणाऱ्या बहुतेकांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होते. कारण जखमी जनावराच्या मागावर पुढे कोण जाणार, तर हाकेकरीच.

मोठ्या जनावरासाठी रायफलचे काडतूस कसे निवडावे, या विषयावरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिण्याचे मी मान्य केले ते त्या पुंगळीमुळे. आज हा विषय कशाला, असे कुणीही विचारील. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला, पुढे गवा पहिल्या अनुसूचीत गेला आणि शौकाची शिकार संपली. ती संपली हे उत्तम झाले, असे माझे मत आहे; ते इथेच स्वच्छ सांगतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. तरीही हा विषय नीट समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. काडतुसांचा इतिहास म्हणजे मारलेल्या जनावरांची यादी असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यातली जवळजवळ प्रत्येक सुधारणा न मेलेल्या जनावरापायी झाली आहे. गोळी लागली, रक्त सांडले आणि जनावर झाडीत गेले. मग त्याचे काय? या एका प्रश्नापायी माणसांनी साठ-सत्तर वर्षे शिसे, तांबे, पोलाद आणि बारूद यांच्याशी झटापट केली.

आमच्याकडचे मोठे जनावर म्हणजे गवा. राधानगरी-दाजीपूरचे रान ही कोल्हापूरच्या छत्रपतींची राखीव शिकारीची जागा. १९५८ साली ते अभयारण्य झाले, महाराष्ट्रातले पहिले. पुढे ते वाढवून ३५१ चौरस किलोमीटरचे झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत त्याचे नाव आले. गव्याला जवळून पाहिलेला माणूस त्याला सहसा रेडा म्हणत नाही. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, मोजे घातल्यासारखे. अंग काळेभोर, तुकतुकीत. आणि मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत गेलेला उंच वशिंडासारखा कणा. हा कणाच शिकाऱ्याला फसवत असे. मणक्यांची हाडे तिथे वर लांब वाढलेली असतात, त्यांवर मांस चढलेले असते आणि त्यामुळे जनावराचे अंग आहे त्याहून खोल दिसते. नवखा माणूस अंगाच्या बरोबर मधोमध नेम धरतो आणि गोळी फुप्फुसाच्या वरच्या अंगाला किंवा नुसत्या मांसात जाते. काळीज असते फार खाली, पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. आजोबा सांगायचे, ‘‘गव्याच्या ढोपरावनं सरळ वर रेघ वढायची, आन् पोटाकडनं टीचभर वर थांबायचं. वशिंड बघितलं की चुकलाच म्हणायचा.’’ पुढे इंग्रजी शिकारग्रंथांतल्या आकृत्या पाहिल्या तेव्हा त्या टीचभराची जागा तंतोतंत तीच निघाली.

जागा बरोबर साधली तरी वाटेत काय काय असते? जाड कातडे, त्याखाली चरबी आणि मांस, मग खांद्याचे रुंद हाड, मग बरगड्या. हरणाला पुरणारी गोळी इथे खांद्याच्या हाडावर फुटते, तिचे तुकडे होतात आणि वरवरची मोठी जखम होते. जनावर मरत नाही, सडते. म्हणून मोठ्या जनावराच्या काडतुसाला पहिली अट होती ती खोल शिरण्याची. नुसत्या वेगाने ती पुरी होत नाही. गोळी वजनदार हवी, तिच्या जाडीच्या मानाने लांब हवी आणि वाटेत तिचा आकार टिकला पाहिजे.

काळ्या बारुदीच्या दिवसांत यातले फारसे काही हाती नव्हते. गोळीचा वेग एका मर्यादेपुढे जाईना, म्हणून लोक गोळीच जाड करत गेले. ‘बोअर’ हा शब्द आपण रोज वापरतो, बाराबोअर म्हणतो, पण त्याचा अर्थ फार थोड्यांना माहीत असतो. एक पौंड शिशाच्या नळीच्या मापाच्या बारा सारख्या गोळ्या होत असतील तर ती बाराबोअर. म्हणजे आकडा जितका लहान तितकी नळी मोठी. हत्ती-गव्यासाठी आठबोअर असे, तिची एक गोळी दोन औंसांची. चारबोअरही असे, तिची गोळी पाव पौंडाची. त्या बंदुकीचा धक्का खांदा उखडायचा आणि बार झाला की धुराचा असा पडदा उभा राहायचा की समोरचे जनावर पडले, पळाले की अंगावर येत आहे, हे काही क्षण दिसायचेच नाही.

हे बदलले कॉर्डाइटमुळे. ब्रिटिश लष्कराने १८८८ साली .३०३ इंच मापाचे काडतूस घेतले तेव्हा त्यातही काळीच बारूद होती. दोन-चार वर्षांत तिच्या जागी कॉर्डाइट आले. गनकॉटन, नायट्रोग्लिसरीन आणि थोडी पेट्रोलियम जेली यांचे हे मिश्रण दोऱ्यांच्या रूपात काढलेले असते. जुने काडतूस सोडून पाहिले तर आत चक्क शेवयांची जुडी दिसते, पिवळसर तपकिरी रंगाची. धूर जवळजवळ नाही आणि ताकद कितीतरी जास्त. १८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बीने मोठ्या जनावरासाठी .४५० नायट्रो एक्सप्रेस काढले: ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, सेकंदाला साधारण ६५५ मीटर वेगाने. चारबोअर खांद्यावर घेऊन फिरणारा माणूस आता पाच किलोच्या दुनळी रायफलने तेच काम करू लागला, आणि जास्त खात्रीने.

इथे हिंदुस्थानचे हवामान मध्ये आले, आणि हा भाग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत रंजक वाटतो. कॉर्डाइट उष्णतेला हळवे असते. इंग्लंडच्या थंडीत भरून तपासलेले काडतूस एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या रायफलमध्ये घातले की आतला दाब वाढतो. पितळेची पुंगळी फुगून नळीत घट्ट बसते आणि बार झाल्यावर निघत नाही. समोर जखमी गवा, दोन्ही नळ्या रिकाम्या आणि बंदूक उघडतच नाही, ही अवस्था डोळ्यांसमोर आणा. म्हणून या काडतुसांच्या पुंगळ्या मुद्दाम मोठ्या केल्या. कॉर्डाइटच्या मानाने जागा जास्त ठेवली, म्हणजे दाब कमी राहतो. देव्हाऱ्यातली आमची पुंगळी इतकी लांब का, याचे उत्तर कोकणात-देशावर पडणाऱ्या उन्हात आहे. तिच्या तळाचा काठही पुंगळी बाहेर काढण्यासाठीच. दुनळी उघडली की आतला आकडा त्या काठाला धरून पुंगळी बाहेर ओढतो. मॅगझिनच्या रायफलमध्ये मात्र हेच काठ एकमेकांत अडकतात, म्हणून तिथे बिनकाठाची काडतुसे आली. रिग्बीचे .४१६ हे १९११ चे, आणि हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली काढलेले .३७५, ज्याला काठाऐवजी पट्टा आहे. मला विचाराल तर मोठ्या जनावरासाठी केलेल्या सगळ्या काडतुसांत हे .३७५ सर्वांत शहाणे. १९ ग्रॅमची गोळी, साडेपाच हजार ज्यूलच्या पुढे शक्ती, आणि सामान्य माणसाच्या खांद्याला झेपेल असा धक्का. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बंदुकीला भिणारा माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि मग गोळी कितीही मोठी असो, ती वशिंडात जाते.

आता .४५० असताना .४७० कुठून आले? हे शिकारीतून आले नाही, राजकारणातून आले. सरकारी मार्टिनी-हेन्री रायफलचे काडतूस .५७७/.४५० मापाचे होते. त्या जुन्या रायफली सरहद्दीवर आणि इतरत्र भलत्या हातांत गेल्या होत्या. त्या मापाच्या गोळ्या त्यांच्यापर्यंत पोचू नयेत म्हणून हिंदुस्थान सरकारने १९०७ साली .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसे आणण्यावर बंदी घातली. विलायतेतले बंदूक बनवणारे काही महिन्यांत नव्या मापांवर उतरले. .४६५ आले, .४७० आले, .४७६ आले. कामगिरीत ती सगळी चुलतभावंडे. मुलुख धास्तावला म्हणून एक अख्खे घराणे जन्माला आले, आणि त्यातले एक आमच्या उदबत्तीखाली उभे आहे. शस्त्राच्या मापावर सरकारची नजर अजूनही तशीच आहे. .३०३ हे लष्करी माप नागरिकाला मिळत नाही, इशापूरच्या कारखान्याची .३१५ मिळते, आणि तिचे काडतूस मूळचे ऑस्ट्रियाच्या सैन्याचे.

गोळीच्या आकाराची गोष्ट याहून बोचरी आहे. .३०३ ची तांबे-निकेलच्या कवचाची गोळी माणसाच्या अंगातून आरपार जाई आणि तो पुढे धावत राही, अशी सरहद्दीवरच्या सैन्याची तक्रार होती. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने १८९६ च्या सुमारास गोळीचे नाक उघडे ठेवले. आतले शिसे लागताच पसरे आणि जखम भयंकर होई. १८९९ च्या हेगच्या परिषदेने अशा गोळ्या युद्धात वापरायला मनाई केली. शिकारीत मात्र त्याच गोळीला दयेची गोळी म्हणतात, कारण हरणा-वाघासारख्या पातळ कातड्याच्या जनावराला ती जागीच पाडते. हा विरोधाभास वाचकाने पचवूनच या पुस्तकात शिरावे. एकच गोष्ट माणसावर क्रूर आणि जनावरावर दयाळू कशी असू शकते, यावर मी बराच विचार केला आहे. युद्धात जखमी माणसाला उचलून इस्पितळात नेतात. रानात जखमी जनावराला कुणी उचलत नाही.

गव्याला मात्र ही पसरणारी गोळीही अपुरी. खांद्याच्या हाडावर ती लवकर पसरते आणि थांबते. म्हणून भरीव गोळी, पूर्ण पोलादी कवचाची, जी सरळ आत जाते. तिचाही दोष आहेच. कळपात उभ्या गव्यावर ती झाडली तर आरपार जाऊन मागच्या गाईला लागते, आणि तिला लागल्याचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून जुने जाणते दुनळीच्या एका नळीत नरम नाकाची आणि दुसऱ्या नळीत भरीव गोळी ठेवत. पहिली आडव्या उभ्या जनावराला, दुसरी पाठ फिरवून पळणाऱ्याला किंवा अंगावर येणाऱ्याला.

कुणीतरी इथे कार्बेटसाहेबांचे नाव काढणार हे मला ठाऊक आहे. जिम कार्बेटची .२७५ रिग्बी ही लहान गोळीची रायफल प्रसिद्ध आहे. चंपावतची वाघीण मारल्यावर १९०७ साली ती त्यांना भेट मिळाली. आफ्रिकेत बेल नावाच्या शिकाऱ्याने त्याच मापाच्या काडतुसाने शेकड्यांनी हत्ती मारले. मग मोठी काडतुसे हवीत कशाला? हा युक्तिवाद मी कोल्हापुरात अनेक बैठकांत ऐकला आहे आणि तो मला प्रत्येक वेळी खटकला आहे. बेलने हत्तीची कवटी करवतीने उभी चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिले होते आणि तो भरीव गोळीच वापरी. कार्बेट यांच्याजवळही .४५०/४०० ची जड दुनळी होती. दोघेही आयुष्यभर रानात राहिलेले. त्यांच्या कौशल्याचा आधार घेऊन सुट्टीत रानात आलेल्या पाहुण्याने हलकी रायफल उचलावी, हे मला जनावरावरचा अन्याय वाटतो.

कोल्हापूरला बंदुकीवाचूनच्या शिकारीचीही मोठी परंपरा होती, हे इथे विसरू नये. राजाराम महाराजांच्या काळात आफ्रिकेतून आणलेले चित्ते काळविटांवर सोडत. शाहू महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता, आणि त्याच महाराजांनी गुन्हेगार म्हणून हिणवलेल्या फासेपारध्यांना सोनतळीला आसरा आणि काम दिले. फासेपारधी काडतुसावर एक पैसा न घालता फक्त फाशांवर आणि जनावराच्या सवयींवर जगत. न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात भुसा भरलेली जनावरे आणि शस्त्रे एकाच छताखाली पाहायला मिळतात. मुलांना घेऊन जाल तेव्हा गव्याच्या मस्तकाशी जरा थांबा आणि कपाळाची रुंदी नुसती हाताने अंदाजा. मग पुढची पाने वाचा.

आजच्या घडीला काडतुसाची निवड चुकते ती अभयारण्यात नव्हे, आमच्या उसात. रानडुक्कर पीक नासवते. वनखात्याची परवानगी घेऊन त्याला मारता येते. पण परवान्याची बंदूक बहुधा बाराबोअर, आणि घरात काडतुसे असतात ती पाखरांची, बारीक छऱ्यांची, नाहीतर एलजीची, ज्यात मोजके मोठे छर्रे. पाखराचा छर्रा डुकराच्या चरबीच्या थरातच थांबतो. एलजीचे छर्रे वीस-पंचवीस पावलांपुढे पांगतात. एखादा पोटात लागतो, एखादा पायात. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गावात रात्री कुणीतरी असा बार टाकला होता. पहाटे तोडकरी टोळी फडात शिरली. पाचटातून घुरघुर आली आणि एका बाईच्या मांडीत सुळा शिरला. डुक्कर दुपारी त्याच फडात मेलेले सापडले. त्याच्या पोटाला मी स्वतः हात लावून पाहिला. चार छर्रे होते, चारही कातड्याखाली बोटाला लागत होते. बाई वाचली, पण त्या हंगामात तिला पुन्हा कोयता धरता आला नाही. परवाना, बंदूक, पिकाचे नुकसान, सगळे खरे असेल. त्या रात्री चुकीचे होते ते काडतूस आणि अंधारात अंदाजाने टाकलेला बार.

गवेही आता रान सोडून खाली उतरतात. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडमध्ये एक गवा शिरला. माणसांचा जमाव, धावाधाव, मग गुंगीच्या सुया; शेवटी गवा मेला. त्या सुईत किती औषध भरायचे, हा प्रश्न काडतुसाच्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे. जनावराचे वजन डोळ्यांनी ओळखायचे, सुई कुठे लागली तर औषध किती वेळात चढेल हे जाणायचे, आणि धावून दमलेल्या, घाबरलेल्या जनावराचे गणित शांत उभ्या जनावराहून वेगळे असते हे लक्षात ठेवायचे. जुन्या शिकाऱ्यांनी आणि त्यांच्याहून जास्त हाकेकऱ्यांनी हे शरीरज्ञान मिळवले होते. ते आज पशुवैद्यांना आणि वनरक्षकांना उपयोगी पडत असेल, तर ते पुस्तकात उतरवून ठेवणे हे मला मोलाचे काम वाटते.

एक गोष्ट मला आनंदाने नोंदवायची आहे. ज्या राधानगरी तालुक्यात गव्यांवर .४७० चे बार झाले, त्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवले. त्याची गोळी .२२ ची, अडीच ग्रॅमची, जेमतेम दीडशे ज्यूल शक्तीची; .४७० च्या सुमारे पन्नासावा हिस्सा. तिचे लक्ष्य असते १०.४ मिलिमीटरचा गोल. त्याच्याआधी तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली, तीही कोल्हापूरची. बंदुकीवरचे आमच्या मातीचे प्रेम आज कागदाच्या लक्ष्यावर निघते, याहून चांगली वाट मला सुचत नाही.

पुस्तकातले तक्ते वाचताना आकड्यांपाशी अडखळू नका. ग्रेन म्हणजे ग्रॅमचा साधारण पंधरावा हिस्सा, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. प्रत्येक काडतुसाच्या नावापुढे लेखकाने जखमी जनावरांच्या नोंदी दिल्या आहेत. त्या ओलांडून पुढे जाऊ नका.

आणि आता त्या पुंगळीबद्दल, कारण ती गोष्ट मी अर्धीच सांगितली. संस्थानकाळात एकदा कुणी परमुलखातले पाहुणे शिकारीला आले होते. हाका नीट झाला, गवा सड्याच्या कडेला आडवा आला. पाहुण्यांनी घाईने दोन बार काढले. दोन्ही वर लागले. गवा दरीत उतरला आणि आजोबा व आणखी तिघे त्याच्या मागावर गेले. तो दिवस, ती रात्र आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. कारवीच्या पानांवर रक्त आधी लाल, मग फेसाळ गुलाबी, मग सुकलेले. गवा दोन वेळा बसला होता. बसल्या जागी चिखल मळल्यासारखा झाला होता. शेवटी ओढ्यात तो उभा सापडला, तोंड पाण्यात, पाणी पीत नव्हता. पाहुण्यांना बोलावून आणले. या वेळी त्यांनी जवळून, वेळ घेऊन, ढोपराच्या रेघेवर एकच बार टाकला आणि गवा तिथेच खाली बसला.

आजोबांनी उचलली ती या तिसऱ्या बाराची पुंगळी. पहिल्या दोन तिथेच मचाणाखाली पडल्या होत्या. येताना वाटेत दिसल्या, पण त्यांनी त्यांना हात लावला नाही.